मोठ्या मोटरहोमसाठी कोणती चॅसी आणि कोणते डिझेल इंजिन घ्यावे?

करवीरनिवासी

नमस्कार. आमचे कुटुंब सहा माणसांचे आहे: आई-वडील, आम्ही दोघे आणि शाळेत जाणारी दोन मुले. सगळ्यांना एकत्र घेऊन लांबचे प्रवास करता यावेत म्हणून सुमारे नऊ मीटर लांबीचे मोटरहोम कोल्हापुरातच बांधून घ्यायचे, असे घरात ठरले आहे. ट्रॅव्हलरच्या आकाराची गाडी पाहून झाली. चौघांसाठी ती उत्तम आहे, पण आई-वडिलांना रात्री उठावे लागले तर कोणाचे अंथरूण न ओलांडता स्वच्छतागृहापर्यंत जाता येईल, एवढी जागा तिच्यात निघत नाही.

आमचे मूळ गाव वैभववाडी तालुक्यात असल्यामुळे गगनबावड्याहून करूळ घाट उतरणे आणि चढणे नेहमीचे राहील. शिवाय आंबा आणि आंबोली हे घाट आहेत, कर्नाटक आहे, आणि पुढे राजस्थान व लडाखही मनात आहे. गाडी मी स्वतःच चालवणार आहे.

सध्याचा बेत असा आहे की केबिनसह १६ टनी ट्रकची चॅसी (इंजिन व चाकांसह तळाची चौकट) घ्यावी आणि तिच्यावर सहा सिलिंडरचे, २०० अश्वशक्तीच्या पुढचे इंजिन असावे. चॅसी दणकट आणि इंजिन मोठे असले की पुढे काळजी राहत नाही, असे माझे मत आहे. टाटा, अशोक लेलँड, भारतबेंझ आणि आयशर या चौघांची माहितीपत्रके आणून ठेवली आहेत. परंतु त्यांत मालवाहतूकदाराच्या प्रश्नांची उत्तरे आहेत, घर बांधणाऱ्याच्या प्रश्नांची नाहीत. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

बॉडीबांधणी

दादा, इंजिन घटकाभर बाजूला ठेवा आणि आधी वजन लिहून काढा. तुमच्या लांबीच्या गाडीसाठी माझा अंदाज असा आहे. इंजिन व टायरसह उघडी चॅसी चार ते पाच टन, पोलादी सांगाडा, पत्रा आणि इन्सुलेशन मिळून पावणेतीन टन, फर्निचर, काचा आणि फरशी मिळून सव्वा टन. पिण्याचे, वापराचे आणि सांडपाण्याचे मिळून ६०० लिटर पाणी धरले तर ६०० किलो. बॅटऱ्या, सौर पॅनेल, एसी आणि जनरेटर मिळून अर्धा टन. २०० लिटर डिझेलचे सुमारे १७० किलो, आणि सामानासह सहा माणसांचे सातशे किलो. बेरीज दहा ते अकरा टनांच्या दरम्यान येते.

आता हे वजन १६ टनी ट्रकच्या पाट्यांवर, म्हणजे लीफ स्प्रिंगवर, ठेवून पाहा. ट्रकचे पाटे भरलेल्या गाडीसाठी बसवलेले असतात आणि मागच्या बाजूला मुख्य पाट्यांच्या वर हेल्पर पाटेही असतात. गाडी कायम पाच टनांनी हलकी चालली, तर पाटे पुरेसे दबतच नाहीत आणि रस्त्याचा प्रत्येक धक्का सांगाड्यात, तिथून कपाटांच्या बिजागऱ्यांत आणि शेवटी आईंच्या कंबरेत जातो. माल वाहणाऱ्याचे यात फारसे बिघडत नाही, कारण त्याची गाडी रिकामी असते तो वेळ थोडा असतो. तुमची गाडी मात्र आयुष्यभर अर्धवट भरलेल्या ट्रकसारखी चालेल.

याच्या उलट, दहा टनी चॅसी घेतली तर ती पहिल्या दिवसापासून काठोकाठ भरलेली असेल, आणि घर बांधून झाल्यावर वजन कमी होत नाही, वाढतच जाते. म्हणून ज्या चॅसीवर तुमचे वजन परवानगीच्या साधारण पाऊण हिश्शाला येईल आणि जिचे स्प्रिंग माणसांसाठी बनवलेले असतील, ती शोधावी, असे मी सुचवेन.

घाटवाट

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. आमचा प्रवासी बसचा व्यवसाय आहे, त्यामुळे ट्रकची चॅसी आणि बसची चॅसी यांतला फरक आम्हाला रोज दिसतो. बसचे पाटे लांब आणि मऊ असतात, व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, जास्त असतो आणि फ्रेमची उंची कमी असल्यामुळे चढण्याच्या पायऱ्याही कमी होतात. आई-वडिलांसाठी हा शेवटचा मुद्दा तुम्ही प्रथम पाहावा. ट्रकच्या फ्रेमवर मजला टाकला की तो जमिनीपासून छातीच्या उंचीवर जातो आणि मग दारात शिडीच लावावी लागते.

बसच्या चॅसीत शक्य असेल तर कारखान्यातूनच बसवून आलेले एअर सस्पेन्शन घ्यावे. त्यातला लेव्हलिंग व्हॉल्व्ह वजनाप्रमाणे फुग्यातील हवा कमी-जास्त करतो, त्यामुळे गाडीची उंची तीच राहते आणि दहा टनांना आणि पंधरा टनांना चाल जवळपास सारखीच मिळते. १६ टनी चॅसी हलकी चालवण्याची अडचण यामुळे बरीचशी सुटते आणि मोठे ब्रेक, मोठे हौसिंग (मागच्या अ‍ॅक्सलचे गिअर) व मोठे टायर हे तिचे फायदे मात्र हातात राहतात. बाहेरच्या गॅरेजमध्ये मागाहून फुगे बसवून घेण्याचा मोह टाळावा.

एक गैरसोयही सांगतो. आपल्याकडच्या बहुतेक बस चॅसींमध्ये इंजिन पुढे, चालकाच्या शेजारी असते. त्याची उष्णता आणि आवाज थेट घरात येतो. इंजिनाच्या झाकणावर दुहेरी इन्सुलेशन आणि जाड गालिचा घालण्याचा खर्च आधीच धरून ठेवावा.

कागलकर

इंजिनाचा प्रश्न अंदाजाने सोडवण्याऐवजी हिशेबाने सोडवता येतो, आणि हिशेब अवघड नाही.

गाडी ११ टन, चढ ७ टक्के आणि टायरचा रोधांक ०.०१ धरू. गाडी वर ओढण्यासाठी चाकांवर सुमारे ८,६०० न्यूटन बल लागते. ताशी ४० किलोमीटर वेगाने चढायचे असेल तर चाकांवर ९६ किलोवॅट, आणि गिअरबॉक्स व हौसिंगमधील १२ टक्के घट मिळवली तर इंजिनाकडून सुमारे १०९ किलोवॅट, म्हणजे १४८ अश्वशक्ती लागते. ताशी ३० किलोमीटरवर समाधान मानले तर हाच आकडा १११ अश्वशक्तीवर येतो. आपल्या घाटांची वळणे पाहता, ताशी ४० किलोमीटर वेग सलग टिकवण्यासारखी जागा फार थोडी आहे. रेडिएटरचा पंखा आणि एसीचा कॉम्प्रेसर यांचा वाटा धरूनही १७० ते १८० अश्वशक्ती तुम्हाला पुरेशी आहे. २४० अश्वशक्ती मिळाली तर महामार्गावर ओव्हरटेक करणे सोपे होईल, पण करूळ घाटात तुम्ही फारसे लवकर वर पोहोचणार नाही.

माहितीपत्रकातील नावेही याच दृष्टीने वाचावीत. नावातले पहिले दोन आकडे साधारणपणे एकूण वजनाचा टनांतील वर्ग सांगतात आणि पुढच्या दोन आकड्यांना दहाने गुणले की अश्वशक्ती कळते. भारतबेंझची १०१७ आणि १६२४ या दोन बस चॅसी घ्या: पहिलीवर ३.९ लिटरचे चार सिलिंडरचे १७० अश्वशक्तीचे इंजिन आहे, दुसरीवर ७.२ लिटरचे सहा सिलिंडरचे २४० अश्वशक्तीचे. टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, अनुक्रमे ५२० आणि ८५० न्यूटन-मीटर.

परंतु चढाइतकाच, माझ्या मते त्याहून जास्त, विचार उताराचा करावा. तीच ११ टनांची गाडी तोच उतार ताशी ३० किलोमीटरने उतरत असेल, तर टायरचा रोध वजा जाता सुमारे ५४ किलोवॅट ऊर्जा सतत कुठेतरी जिरवावी लागते. ती सगळी ब्रेक ड्रममध्ये गेली तर घाटाच्या पायथ्याला पोहोचेपर्यंत लायनर तापून पकड सोडू लागतात. ती इंजिनात जिरवायची तर इंजिनाची लिटरमधील क्षमता कामाला येते, कारण एक्झॉस्ट ब्रेक लावल्यावर इंजिन हवा दाबणारा पंप बनते आणि ३.९ लिटरच्या पंपापेक्षा ७.२ लिटरचा पंप गाडीला कितीतरी जास्त धरून ठेवतो. मोठे इंजिन घेण्याचे खरे कारण हे आहे. चॅसीसोबत रिटार्डर (ब्रेक न झिजवता उतारावर गाडी धरून ठेवणारे यंत्र) मिळत असेल, तर मी आतल्या सजावटीत काटकसर करीन, पण रिटार्डर घेईन.

उद्यमनगर

कागलकर साहेबांच्या हिशेबात दोन गोष्टींची भर घालतो. आमच्या फौंड्रीत सिलिंडर हेड आणि फ्लायव्हील हाऊसिंगचे ओतकाम होते, त्यामुळे इंजिन आतून पाहण्याची सवय आहे.

पहिली गोष्ट कंपनाची. एका रांगेतील सहा सिलिंडरच्या इंजिनात पिस्टनच्या हालचालींमुळे निर्माण होणारी प्राथमिक आणि दुय्यम अशी दोन्ही बले एकमेकांना पूर्ण छेदतात. चार सिलिंडरमध्ये दुय्यम बल शिल्लक राहते आणि इंजिन मोठे असेल तितके ते जाणवते. ट्रकचालकाला याची सवय असते, पण ज्या गाडीत भांडी, काचा आणि झोपलेली मुले आहेत, तिच्यात हा फरक दिवसभर जाणवत राहतो.

दुसरी गोष्ट ताणाची. ५२० न्यूटन-मीटर ३.९ लिटरमधून काढणे म्हणजे लिटरमागे १३३, आणि ८५० न्यूटन-मीटर ७.२ लिटरमधून काढणे म्हणजे लिटरमागे ११८. लहान इंजिनाचे हेड, गॅस्केट आणि टर्बो यांना त्याच टॉर्कसाठी जास्त राबावे लागते. तरीही मोटरहोम वर्षाला ट्रकच्या मानाने फारच थोडे किलोमीटर चालते, म्हणून केवळ आयुष्याच्या मुद्द्यावर चार सिलिंडर नाकारण्याचे कारण मला दिसत नाही. तुमच्या गाडीचे इंजिन झिजण्याच्या कितीतरी आधी तिचे टायर वयाने म्हातारे होतील.

सहा सिलिंडर हवेच असेल, तर लेलँडच्या वायकिंग बस चॅसीवरील एच मालिकेचे आणि टाटांच्या चॅसीवरील कमिन्सचे इंजिनही पाहा. टाटा कमिन्सचा एक कारखाना आपल्याजवळच, फलटणला आहे.

प्रवासी_इचलकरंजी

एवढ्या नव्या तंत्राच्या मागे का लागावे, हे मला समजत नाही. बीएस-३ (धुराचे जुने मानक) काळातली, साध्या यांत्रिक इनलाइन पंपाची चांगली जुनी चॅसी घ्या. सेन्सर नाहीत, धूर शुद्ध करण्यासाठी लागणारा युरिया नाही, आणि बिहारच्या एखाद्या खेड्यातला मिस्त्रीही ती पान्याने उघडून दुरुस्त करू शकेल. लडाखला जायचे असेल तर साधेपणासारखा सोबती नाही.

नियमपुस्तक

साधेपणाचा मुद्दा समजण्यासारखा आहे, परंतु कागदपत्रांच्या बाजूने ही वाट कठीण आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मूळ नमूद केलेल्या तपशिलांपेक्षा वेगळी ठरेल अशी गाडी बदलून घेता येत नाही. मालवाहू म्हणून नोंदलेल्या जुन्या ट्रकवर घर बांधणे याच कलमाच्या कक्षेत येते. दुसरे म्हणजे, दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंध आले आहेत. राजस्थान आणि लडाखला जाऊ इच्छिणाऱ्या कुटुंबाने आज अशी गाडी घेतली, तर उद्या नकाशातील मोठा भाग टाळून वाट काढावी लागेल.

नव्या चॅसीवर बांधणी केली तर मार्ग सरळ आहे. मोटार कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे, आणि बॉडी वेगळी बांधली जाते तेव्हा नमुना २२-अ मध्ये चॅसी उत्पादक आणि बॉडी बांधणारा या दोघांचीही प्रमाणपत्रे लागतात. म्हणून बॉडी बांधणाऱ्याकडे मान्य झालेला आराखडा आहे का, हे आगाऊ रक्कम देण्यापूर्वी विचारावे. गाडी तयार झाल्यावर पासिंगसाठी आरटीओच्या दारात उभे राहून विचारू नये. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन ही बिगर-वाहतूक वाहनांच्या यादीत येते, ही तुमच्या दृष्टीने सोयीची बाब आहे.

मापांबाबत: रुंदी २.६ मीटरपेक्षा जास्त नको, आणि मागच्या चाकांच्या मागे निघणारा भाग व्हीलबेसच्या ६० टक्क्यांपेक्षा जास्त नको.

तुम्ही स्वतः चालवणार आहात, म्हणून परवानाही तपासा. हलक्या वाहनाच्या परवान्याची मर्यादा ७,५०० किलोपर्यंत आहे. दहा-अकरा टनांच्या गाडीसाठी वरच्या वर्गाचा परवाना लागेल आणि ते प्रशिक्षण चॅसी येण्यापूर्वीच पूर्ण झालेले बरे.

बॉडीबांधणी

६० टक्क्यांचा नियम निघाला आहे तर एक गोष्ट आवर्जून सांगतो. नियमात बसते म्हणून मागे जड सामान लादू नये. समजा व्हीलबेस ५ मीटर आहे आणि ५०० लिटरची पाण्याची टाकी मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे अडीच मीटरवर ठेवली. मागच्या अ‍ॅक्सलवर ५०० नव्हे, ७५० किलो भार पडतो आणि पुढच्या अ‍ॅक्सलवरून २५० किलो उचलले जातात. स्टिअरिंग हलके लागते, चालकाला ते सुखाचे वाटते, आणि ओल्या वळणावर पुढची चाके ऐकेनाशी होतात. पाणी आणि बॅटऱ्या दोन अ‍ॅक्सलच्या मध्ये, फ्रेमच्या पातळीला ठेवाव्यात.

करवीरनिवासी

सर्वांचे मनापासून आभार. एवढी सविस्तर उत्तरे मिळतील असे वाटले नव्हते. केबिनवाल्या ट्रकचा विचार सोडला आहे. आता १६ टनी बस चॅसी, एअर सस्पेन्शन आणि सहा सिलिंडरचे इंजिन या दिशेने चौकशी सुरू करतो. परवान्याचेही बघतो.

दोन शंका उरल्या आहेत. बीएस-६ इंजिन महिनोन्महिने उभे राहिले तर काय होते? आणि मुक्कामी एसीसाठी इंजिन चालू ठेवता येईल का?

कागलकर

आधी दुसऱ्या शंकेचे उत्तर देतो: ठेवू नये. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ इंजिनांच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारी गाळणी असते. गाडी वेगात आणि भाराखाली चालते तेव्हा एक्झॉस्ट तापून ती काजळी जळून जाते. तासन् तास आयडलिंगवर इंजिन चालले तर एक्झॉस्ट थंड राहतो आणि गाळणी भरत जाते. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि गाडी उभी करून रीजनरेशन, म्हणजे ती काजळी जाळून टाकण्याची प्रक्रिया, करावे लागते. दिव्याकडे दुर्लक्ष केले तर इंजिन स्वतःची ताकद कमी करते. मुक्कामासाठी बॅटऱ्या, इन्व्हर्टर आणि गरज पडल्यास स्वतंत्र लहान जनरेटर ठेवा.

उभ्या गाडीत काळजी युरियाची घ्यावी लागते. ज्याला चालक युरिया म्हणतात, ते डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के युरिया आणि उरलेले शुद्ध पाणी. ते उष्णतेने खराब होते. ३० अंशांखाली साधारण वर्षभर टिकते, पण सतत ३५ अंशांत सहा महिनेच. कोल्हापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली गाडी उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवू नका, प्रवासाआधी ताजे भरा. लडाखमध्ये थंडीत उणे ११ अंशांवर ते गोठते. टाकी गरम करण्याची व्यवस्था असते, ती आपल्या चॅसीवर आहे याची खात्री करून घ्या. रस्त्याच्या कडेला सुट्या डब्यांत मिळणारे स्वस्त डीईएफ कधीही घेऊ नका, कारण त्यातील क्षार नोझलमध्ये बसले की दुरुस्तीचा खर्च मोठा येतो.

डिझेलचे उलटे आहे. त्याची टाकी भरून ठेवावी, म्हणजे रिकाम्या जागेतील हवेतून पाणी सुटत नाही.

घाटवाट

कंपनी निवडताना सर्व्हिसचाही विचार करा. एस.टी.च्या ताफ्यात वर्षानुवर्षे टाटा आणि लेलँडच्या चॅसी असल्यामुळे त्यांचे क्लच, बेअरिंग, ब्रेकचे सामान तालुक्याच्या गावीही सापडते. भारतबेंझची चाल आणि शांतता मला जास्त आवडते, पण तिच्या काही सुट्या भागांसाठी शहर गाठावे लागते. तुमचा रोख दूरच्या प्रांतांकडे असेल तर मी लेलँड किंवा टाटा घेईन. प्रवास मुख्यतः महामार्गाने आणि दक्षिणेत होणार असेल तर भारतबेंझ.

करवीरनिवासी

हे फार उपयोगी पडले. आम्ही दूर जाणार आहोत, म्हणून वायकिंग आणि टाटांची कमिन्सवाली चॅसी या दोहोंची चाचणी मागतो. ज्यात एअर सस्पेन्शन आणि रिटार्डर मिळेल तिला पहिली पसंती देईन. बॉडीबांधणी साहेब, सांगाडा फ्रेमवर कसा बसवावा, याबद्दल अजून काही सांगाल का?

बॉडीबांधणी

सांगतो, कारण चांगली चॅसी घेऊनही काम बिघडते ते इथेच. खराब रस्त्यावर एक चाक खड्ड्यात आणि दुसरे वर असताना शिडीसारखी फ्रेम पीळ घेते. तिने तो घ्यावा अशीच ती बनवलेली असते. बसच्या सांगाड्यात तो पीळ थोडा सामावून जातो. तुमच्या गाडीत मात्र आडव्या भिंती, स्वच्छतागृह आणि कपाटे असतील, म्हणजे खोका जास्त ताठ होईल. असा खोका यू-बोल्टने सर्व बाजूंनी आवळून बसवलेली एक गाडी दुरुस्तीला आली होती. तिच्या मागच्या खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून छताकडे तिरकी भेग गेली होती, रंगाखाली पत्रा केसाएवढा फाटला होता, आणि पावसाचे पाणी आत शिरून प्लायवूड काळे पडले होते. काच दोनदा बदलूनही ती पुन्हा तडकत होती, कारण दोष काचेत नव्हताच.

म्हणून फ्रेम आणि खोका यांच्यामध्ये स्वतंत्र सब-फ्रेम घ्यावी. ती मागच्या अ‍ॅक्सलच्या वर घट्ट बांधावी आणि पुढच्या बाजूला रबरी बुश किंवा स्प्रिंगच्या माउंटिंगवर बसवावी, म्हणजे फ्रेम खाली पिळली तरी खोका सरळ राहतो. फ्रेमच्या वरच्या आणि खालच्या पट्टीला छिद्र पाडू नये आणि वेल्डिंगही करू नये. छिद्रे उभ्या भागात, कंपनीने बॉडी बांधणाऱ्यांसाठी दिलेल्या नकाशात दाखवलेल्या जागीच घ्यावीत. हा नकाशा डीलरकडून चॅसीच्या कोटेशनसोबतच मागून घ्या आणि मला पाठवा. त्यावर दोन्ही अ‍ॅक्सलचे परवानगीचे वजन छापलेले असते. ते हातात आले की पाण्याच्या टाक्या आणि बॅटऱ्यांच्या जागा मी खुणा करून देईन.